गढी, बारव आणि पाकोळी
मराठवाड्यातील कीटकभक्षी वाघळांच्या अभ्यासाची प्रस्तावना

लातूर जिल्ह्याच्या नकाशावर जंगल शोधायला बसले तर बोट फार वेळ फिरत राहते. राज्यात सर्वांत कमी वनक्षेत्र असलेल्या जिल्ह्यांत लातूरची गणना होते. शेजारच्या नांदेडला किनवट-माहूरचा सागवानी पट्टा आहे, पैनगंगेच्या काठचे अभयारण्य आहे; पण गोदावरी ओलांडून दक्षिणेला आले की कंधार, मुखेड, देगलूरपर्यंत काळी राने, मुरमाड माळ आणि बांधावरच्या बाभळी-लिंब एवढेच हाती लागते. वन्यजीव म्हणजे जंगलात राहणारा प्राणी, ही समजूत धरून चालले तर या मुलखात त्यांच्याविषयी लिहिण्यासारखे फारसे उरत नाही.

तरीही दिवेलागणीला गावातल्या पडक्या गढीसमोर थोडा वेळ उभे राहावे. बुरुजाच्या फटीतून एक, मग दोन, मग मोजता येणार नाहीत इतक्या पाकोळ्या बाहेर पडतात, लिंबाच्या शेंड्याला वळसा घालतात आणि शिवाराकडे निघून जातात. अंगठ्याएवढ्या देहाच्या, पाच-सात ग्रॅम वजनाच्या या तपकिरी वाघळांना आपल्याकडे कुणी वन्यजीव म्हणत नाही. ती घरातली, देवळातली, विहिरीतली. हे पुस्तक त्यांच्याविषयी आहे, आणि ते ज्या एका गोष्टीवर उभे आहे ती सुरुवातीलाच सांगतो: मराठवाड्यातल्या कीटकभक्षी वाघळांचे जंगल मुख्यतः माणसाने बांधलेले आहे. ते टिकेल की जाईल, हे वनखात्यापेक्षा गवंडी, सरपंच, देवस्थानचे विश्वस्त आणि घरमालक यांच्या हातात जास्त आहे.

हे असे का, याचे उत्तर जमिनीत आहे. जगात वाघळांच्या मोठमोठ्या वसाहती जिथे आहेत तिथे बहुधा चुनखडीचा खडक असतो. पाणी तो विरघळवत जाते आणि आत दालने तयार होतात. दख्खनचा काळा दगड तसा विरघळत नाही. बेसाल्टमध्ये भेगा, कपारी, ओढ्याच्या कडेची उथळ पोकळी मिळते. खोल, काळोखी, बारमाही सारख्या तापमानाची गुहा क्वचितच. ती उणीव माणसाने भरून काढली. अजिंठा, पितळखोरा, वेरूळ, धाराशिव, माहूरची पांडवलेणी, औसा तालुक्यातली खरोसा लेणी ही सगळी माणसाने खोदली देवासाठी, साधूसाठी, भिक्षूसाठी. पण खडकात आत जाणारा तो थंड अंधार वाघळांच्याही कामी आला. खरोशाचे तर आणखी वेगळेपण आहे. ती लेणी बेसाल्टमध्ये नसून लातूर-बीदरच्या पठारावरील जांभ्यात कोरलेली आहेत. जांभा सच्छिद्र, खडबडीत, बारीक बिळांनी भरलेला. नखांना पकडायला असा दगड मिळाला की छत गुळगुळीत असण्यापेक्षा शंभर पटींनी सोयीचे होते.

लेण्यांनंतर किल्ले आले. राष्ट्रकूटांच्या काळापासून नांदता असलेला कंधारचा भुईकोट, त्याचा खंदक, उदगीरचा किल्ला, ज्याच्या परिसरात १७६० साली मराठे आणि निजाम यांची लढाई झाली, औशाचा किल्ला, गोदावरीच्या काठचा नांदेडचा नंदगिरी. त्यांच्या तटबंदीत कोठ्या, भुयारे, चोरवाटा, दारूखाने. पुढे गावोगावच्या पांढऱ्या मातीच्या गढ्या, देशमुख-पाटलांचे वाडे, आणि शेकडो बारवा. वाड्याच्या भिंतीत बळद, जमिनीखाली पेव, छताला माळवद. लाकडी तुळया, त्यांवर सर, सरांवर किलचन आणि त्यावर पांढरीचा जाड थर. वैशाखात बाहेर ४४ अंश असले तरी अशा घरात माणसाला झोप लागते. जे माणसाला तेच पाकोळीला. तुळई आणि भिंत यांच्यातली दोन बोटांची फट तिला पुरते.

या बांधकामात प्रत्येक जातीने आपापली जागा निवडलेली दिसते, आणि अभ्यासकाला सर्वांत जास्त गुंगवणारी गोष्ट हीच आहे. उंदरासारखी लांब मोकळी शेपटी असलेले ऱ्हायनोपोमा कोरड्या, उष्ण, मोठ्या दालनांत राहते. पावसाळ्यानंतर पोटाखाली आणि शेपटीच्या मुळाशी चरबी साठवते आणि किड्यांची चणचण असलेले महिने तिच्यावर काढते. थडग्यांतले वाघूळ म्हणून ज्याचे वैज्ञानिक नाव पडले ते टॅफोझोअस छताला उलटे लोंबत नाही, भिंतीला पोट लावून चिकटते आणि माणसाची चाहूल लागताच खेकड्यासारखे तिरके सरकत फटीत जाते. पानासारख्या नाकाचे हिप्पोसिडेरॉस दमट, शांत, आतल्या खोलीत लोंबते, आणि त्यातली एक जात शेजाऱ्यापासून हातभर नाही तरी वीतभर अंतर राखूनच. बारवेच्या कमानीखाली किंवा देवळाच्या अंधाऱ्या मंडपात जमिनीवर बेडकांचे पाय, टोळांचे पंख, पालीची शेपटी असा पसारा दिसला तर वर मेगाडर्मा आहे असे समजावे. हे मोठ्या कानांचे वाघूळ शिकार तिथे आणून निवांत खाते. आणि ज्यांना आपण सर्रास पाकोळ्या म्हणतो ती पिपिस्ट्रेल कुळीतली इवलाली वाघळे कुठेही जमवून घेतात: पत्र्याखाली, दुकानाच्या पाटीमागे, झाडाच्या सुटलेल्या सालीत, कॉंक्रिटच्या पुलाच्या सांध्यात. म्हणून एका गावात एक गढी पडली तर सगळी वाघळे जात नाहीत. अगोदर जातात ती ज्यांना खोल अंधार लागतो. पाकोळ्या मात्र राहतात, आणि गावकऱ्याला वाटते की काही बदललेच नाही.

जगातल्या वाघळांच्या जातींची संख्या १४०० च्या वर गेली आहे. भारतात सव्वाशेच्या आसपास जाती नोंदल्या गेल्या आहेत. पण जगभरच्या वाचकाला ज्या एका छोट्या तपकिरी वाघळाची ओळख आहे ते आपले नव्हे, उत्तर अमेरिकेचे. मायोटिस ल्युसिफुगस त्याचे नाव. विज्ञानावर त्याचे मोठे ऋण आहे. अठराव्या शतकाच्या शेवटी इटलीत स्पालान्झानींनी पाहिले होते की आंधळी केलेली वाघळे अडथळे चुकवतात. जिनीव्हाच्या ज्युरीन यांनी दाखवले की कान बंद केल्यावर ती आदळतात. पण जो आवाज ऐकूच येत नाही त्याच्यावर विश्वास कोण ठेवणार? दीडशे वर्षे तो प्रश्न लोंबकळत राहिला. १९३८ नंतर हार्वर्डमध्ये डोनाल्ड ग्रिफिन आणि रॉबर्ट गॅलाम्बोस यांनी कानापलीकडचा ध्वनी टिपणारे यंत्र वापरून तो सोडवला: वाघूळ स्वतः आवाज काढते आणि त्याच्या प्रतिध्वनीवरून पुढ्यात काय आहे ते ओळखते. त्या प्रयोगांतली बरीचशी वाघळे म्हणजे हेच छोटे तपकिरी वाघूळ.

२००६ च्या हिवाळ्यात न्यूयॉर्क राज्यातल्या एका गुहेत याच वाघळांच्या नाकावर पांढरी बुरशी दिसली. थंड गुहेत झोपी गेलेल्या वाघळांना ती मध्येच जागे करते, साठवलेली चरबी संपते आणि ती उपासमारीने मरतात. काही वर्षांत लाखो मेली. ही बुरशी थंडीतच वाढते, वीस अंशांच्या वर तिची वाढ थांबते. त्यामुळे आपल्या लेण्यांना तिची भीती नाही. पण त्या आपत्तीने जगाला जो हिशेब शिकवला तो आपल्यालाही लागू आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये एयाल फ्रँक या अर्थशास्त्रज्ञाने ‘सायन्स’मध्ये दाखवून दिले की ज्या अमेरिकी परगण्यांत वाघळे मेली तिथल्या शेतकऱ्यांनी कीटकनाशकांचा वापर सुमारे ३१ टक्क्यांनी वाढवला, आणि त्याच परगण्यांत अर्भकमृत्यू जवळपास ८ टक्क्यांनी वाढले. वाघूळ गेले, फवारा वाढला, पाळणे रिकामे झाले. माझ्या मते वाघळांविषयी या शतकात लिहिलेले हे सर्वांत महत्त्वाचे पान आहे, आणि ते सोयाबीन, कापूस, तूर पिकवणाऱ्या मुलखात वाचले गेलेच पाहिजे.

आपल्या भागातल्या अभ्यासाची वाट वेगळ्या वळणांनी आली. पहिली पिढी नावे देणाऱ्यांची. मुंबई इलाख्याच्या वनखात्यातले राउटन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कोकणातल्या वाघळांवर लिहिले. पुढे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात सस्तन प्राण्यांची पाहणी सुरू केली, तिचा पहिला अहवाल खानदेशाचा. १९१३ मध्ये लंडनच्या ओल्डफिल्ड थॉमस यांनी बेळगाव जिल्ह्यातल्या तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहेतल्या वाघळाला राउटन यांचे नाव दिले. कित्येक दशके हे वाघूळ जगात त्या एकाच गुहेत माहीत होते. पुढे मेघालयात आणि कंबोडियात आढळले. निजामाच्या राज्यात असलेला मराठवाडा या पाहण्यांच्या कडेला राहिला. सलीम अलींनी १९३१-३२ मध्ये हैदराबाद संस्थानचे पक्षी पाहिले, पण रात्रीच्या उडणाऱ्यांना तसा कुणी भेटला नाही.

ती उणीव थोडी भरून काढली आंद्रे ब्रोसे या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने. मध्य आणि पश्चिम भारतातील वाघळांवरचे त्यांचे लेख १९६२-६३ मध्ये सोसायटीच्या नियतकालिकात आले. नमुना मारून पेटीत ठेवणे एवढ्यावर ते थांबले नाहीत. कोणती जात कुठल्या ऋतूत कुठे राहते, कोण कोणाशेजारी लोंबते, कधी पांगते, हे त्यांनी अजिंठा-वेरूळच्या परिसरात जाऊन पाहिले. मराठवाड्याच्या वाघळांचा परिस्थितीच्या अंगाने विचार तिथून सुरू होतो, आणि आजही कुणी नवखा मुलगा या विषयाकडे वळला तर त्याला मी आधी ब्रोसे वाचायला सांगतो.

दुसरी परंपरा नागपूरची. इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये ए. गोपालकृष्ण यांनी १९४० च्या दशकात वाघळांच्या भ्रूणविकासाचे काम सुरू केले आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी ते अनेक दशके चालवले. मादी नराचे शुक्रजंतू शरीरात जपून ठेवते आणि गर्भधारणा सोयीच्या वेळेपर्यंत पुढे ढकलते, हे आपल्याकडच्या पिपिस्ट्रेलमध्ये गोपालकृष्ण आणि माधवन यांनी १९७१ मध्ये नोंदवले. हा अभ्यास सूक्ष्मदर्शकाखालचा, वाचायला रूक्ष. पण कुठल्या जातीची पिले कोणत्या महिन्यात जन्मतात याचे खात्रीचे कोष्टक त्यातूनच मिळाले, आणि संवर्धनाला त्याच्याइतके उपयोगी दुसरे काही नाही. तिसरी परंपरा मदुराईची. एम. के. चंद्रशेखरन आणि जी. मरिमुथू यांनी गुहेच्या गडद अंधारातही वाघळांना बाहेर पडायची वेळ कशी कळते, मेगाडर्मा बेडकाचा आवाज ऐकून त्याला कसे पकडते, असे वर्तनाचे प्रश्न हाताळले. १९९७ मध्ये बेट्स आणि हॅरिसन यांचा भारतीय उपखंडातील वाघळांवरचा ग्रंथ आला आणि ओळख पटवण्याची भाषा एक झाली. आताची पिढी ध्वनिमुद्रक घेऊन फिरते. घोड्याच्या नालासारख्या नाकाची ऱ्हायनोलोफस आणि हिप्पोसिडेरॉस एकाच पट्टीत लांब सूर लावतात. पाकोळ्यांचा आवाज वरून खाली झपकन उतरतो. पडद्यावरची रेघ पाहून जात सांगता येते. जाळे न लावता, प्राण्याला हात न लावता. मला ही पद्धत मनापासून पटते, पण तिच्यापुरताच अभ्यास थांबला तर आवाज हाती येतो आणि घर निसटते. पाकोळी कुठून उडाली हे यंत्र सांगत नाही.

आणि घरच बदलले आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. हजारो माणसे मातीत बांधलेल्या जाड दगडी भिंती आणि माळवदाखाली गेली. त्या रात्रीनंतर लातूर-धाराशिवच्या माणसाला दगडी घरात झोपायची भीती वाटू लागली, आणि ती भीती खरी आहे; जे लोक त्या ढिगाऱ्यांतून आपली माणसे काढत होते त्यांना जुन्या वास्तूचे कौतुक ऐकवण्याचा अधिकार कुणालाही नाही. ५२ गावे नव्या जागी वसली. त्यांच्याही पलीकडे, हादरा न बसलेल्या गावांतून माळवद उतरले, पत्रे आले, मग स्लॅब आला. गढीची पांढरी माती शेतात गेली. माणसासाठी हा बदल आवश्यक होता. पण तापलेल्या पत्र्याखाली वैशाखात वाघळाचे पिलू जगणे कठीण, आणि सपाट गिलाव्याला त्याचे नख लागत नाही. जे घर पडले त्याच्या बदल्यात माणसाला घर मिळाले. पाकोळीच्या वाट्याला उरल्या त्या बारवा, देवळे, किल्ले आणि पडीक वाडे. म्हणून उरलेल्या प्रत्येक दगडी वास्तूवरचा भार वाढला आहे.

त्या वास्तूंकडेही आता लक्ष वळले आहे, ही आनंदाची गोष्ट. बारवांतला गाळ काढला जातो, महाशिवरात्रीला पायऱ्यांवर दिवे लागतात, किल्ल्यांची डागडुजी होते. मी या कामांच्या बाजूने आहे. अडचण वेळेची आहे. आपल्याकडे दुरुस्ती नेहमी पावसापूर्वी, चैत्र ते ज्येष्ठ या काळात होते. आणि अनेक जातींची पिले नेमकी याच सुमारास जन्मतात, म्हणजे पावसाच्या किड्यांवर आईला दूध येते. सांधे भरायला घेतलेल्या भिंतीत त्या वेळी उडता न येणारी पिले असू शकतात. बहुतेक वाघळे वर्षाला एक, फार तर दोन पिले देतात. उंदरांसारखे त्यांचे नुकसान लवकर भरून निघत नाही. अमेरिकेतले छोटे तपकिरी वाघूळ तीस वर्षांहून अधिक जगल्याची नोंद आहे, सावकाश वाढणारी ही वंशवेल आहे. हेच काम कार्तिकात घेतले, काही फटी मुद्दाम मोकळ्या ठेवल्या, कायमचा झगमगाट आतल्या दालनात न नेता प्रवेशापर्यंत ठेवला, तर वास्तूही राहते आणि वाघूळही. अजिंठ्यासारख्या चित्रलेण्यांचा प्रश्न वेगळा आहे. तिथे विष्ठेने आणि मूत्राने रंग खराब होतात. तिथे वाघळांना जाळ्या लावून बाहेर ठेवणे योग्यच. पण चित्र नसलेल्या कोठीला तोच नियम लावण्याचे कारण नाही.

शिवाराची बाजू यापेक्षा सोपी आहे. गुलाबी बोंडअळी, घाटेअळी, लष्करी अळी यांचे पतंग रात्री उडतात आणि रात्रीच अंडी घालतात. पहिल्या वळवानंतर हुमणीचे भुंगेरे तिन्हीसांजेला लिंब-बाभळीवर गोळा होतात. आपण सकाळी फवारतो तेव्हा अळी बोंडात गेलेली असते. वाघूळ तिच्या आईला आदल्या रात्री हवेत पकडते. ते सगळी कीड संपवते असे कुणी म्हणू नये. पण फुकट मिळणारा, रोज रात्री येणारा हा कामकरी आहे, आणि आपण त्याचे भुंगेरेही विषारी करतो आहोत. पाण्याचेही तेच. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. अशा वर्षी उडता उडता पाण्याला तोंड लावणाऱ्या प्राण्याने जायचे कुठे? मांजरा, तेरणा, मन्याडच्या कोरड्या पात्रांतला एखादा डोह, शेततळे, गुरांचा हौद हीसुद्धा त्याच्या अधिवासाचीच अंगे आहेत.

रोगाची भीती टाळून हे पुस्तक लिहिता आले नसते. २०१८ मध्ये केरळात निपाहची साथ आली, मग करोना आला, त्याच काळात पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेला महाबळेश्वरच्या गुहेतल्या वाघळांत निपाहच्या प्रतिपिंडांचा पुरावा मिळाला, आणि ठिकठिकाणी लोकांनी वाघळांची झाडे तोडण्याची मागणी केली. एप्रिल २०२० मध्ये दक्षिण आशियातल्या वाघूळ-अभ्यासकांनी एकत्र येऊन निवेदन काढले की आपल्या घराजवळची वाघळे करोना पसरवत नाहीत. विषाणू असणे आणि तो माणसात येणे यांत अंतर आहे, आणि ते अंतर आपण वसाहत उसकटून, वाघळे मारून कमी करतो. कायदाही उशिरा सुधारला: १९७२ च्या वन्यजीव कायद्यात फळे खाणारी वाघळे उंदीर-कावळ्यांच्या पंक्तीत उपद्रवी ठरली होती, २०२२ च्या दुरुस्तीने ती यादीच गेली आणि १ एप्रिल २०२३ पासून बदल लागू झाला. अंधाऱ्या कोठीतल्या कीटकभक्षी जातींकडे मात्र कायद्याचे लक्ष क्वचितच गेले आहे.

या पुस्तकात फळे खाणारी मोठी वाघळे मुद्दाम बाजूला ठेवली आहेत. वडा-चिंचेवरच्या त्यांच्या वसाहतींना स्वतंत्र पुस्तक हवे. इथला आराखडा प्राण्यांच्या वर्गीकरणावर बेतलेला नाही, वास्तूंवर बेतलेला आहे. वाचकाने आपल्या गावातली बारव किंवा वाडा घेऊन आत शिरावे आणि तिथे कोण असू शकेल, कधी असेल, त्याला काय लागेल हे शोधावे, अशी मांडणी केली आहे. ती शाळेतल्या शिक्षकाला, पंचायतीच्या अभियंत्याला आणि जीर्णोद्धार समितीला वापरता यावी हा हेतू आहे. म्हणून शास्त्रीय नावांसोबत गवंड्याची भाषाही आहे, आणि गर्भधारणा व पिलांच्या महिन्यांची कोष्टके पंचांगाच्या महिन्यांत दिली आहेत. काही प्रश्न खुले सोडले आहेत. किल्लारीनंतर वसलेल्या गावांत आज कुठल्या जाती राहतात, ऊसपट्ट्यातली वाघळे आणि कोरडवाहू पट्ट्यातली वाघळे सारखेच खातात का, तुळईच्या फटीऐवजी भिंतीला लावलेली लाकडी पेटी इथल्या उन्हात चालेल का: हे विद्यापीठापेक्षा गावातच लवकर सुटतील.

पाहायला जाणाऱ्यांसाठी काही व्यवहाराच्या गोष्टी. पिलांच्या महिन्यांत आत जाऊ नका. संध्याकाळी बाहेर उभे राहून मोजा, तीही नोंदच आहे. आत गेलात तर तोंडाला मास्क लावा, विजेरीवर लाल कागद बांधा, बोलणे बाहेर ठेवा. जुन्या बारवेत एकट्याने उतरू नका. काठ सुटलेले असतात आणि तळाशी साप असतो. जमिनीवर पडलेले वाघूळ उघड्या हाताने उचलू नका. जाड कापडात धरून खडबडीत झाडाच्या खोडाला उंचावर लावा, त्याला उडायला तिथून खाली पडावे लागते. आणि तारीख, वेळ, गाव, वास्तूचा प्रकार, बाहेर पडण्याची दिशा एवढे पाच रकाने लिहून ठेवा. पुस्तकाच्या शेवटी त्यासाठी कोरी पाने बांधली आहेत.